सीएनजी गाडीत सबवूफर: आधी वायर, मग आवाज

बडोद्यातल्या मांजलपूरहून आलेला प्रश्न थोडक्यात असा. घरची सीएनजी हॅचबॅक आहे, टचस्क्रीन कंपनीचाच आहे, नवरात्रीच्या आत सबवूफर, म्हणजे खालचे सूर वाजवणारा मोठा स्पीकर, बसवायचा आहे. दुकानदाराने '१२०० वॉट' लिहिलेला बारा इंची बॉक्स आणि ॲम्प्लिफायर सुचवला, आणि वायर डॅशबोर्डखालच्या फ्यूज बॉक्समधूनच काढून देतो म्हणाला. सोसायटीतल्या एका काकांनी 'अशाने गाडी पेटते' असं सांगितल्यापासून घरचे तयार होत नाहीत. मित्राच्या गाडीत असाच सेट बसवलेला आहे आणि ॲक्सिलरेटर दाबला की त्याच्या स्पीकरमधून शिट्टी वाजते. मग काय घ्यावं, वायर कुठून न्यावी, आणि कंपनीची वॉरंटी जाईल का?

काकांची भीती खोटी नाही, फक्त त्यांनी दोष चुकीच्या वस्तूला दिला आहे. सबवूफर गाडी पेटवत नाही. बॅटरीपासून निघालेली, मध्ये फ्यूज नसलेली आणि पत्र्याच्या कडेवर घासत राहिलेली वायर गाडी पेटवते. आणि दुकानदाराच्या सगळ्या बोलण्यात मला खटकलेलं एकच वाक्य आहे, ते म्हणजे फ्यूज बॉक्समधून वायर काढण्याचं. त्याला तिथेच नाही म्हणा. बॉक्स कुठला, किती इंची, यावर नंतर बोलू. बडोद्यात ग्राहक आधी सबवूफरवर पैसे घालतात आणि उरलेल्या पैशात वायर घेतात. मी हा क्रम उलटा करायला सांगतो. वायर, फ्यूज आणि अर्थिंग (करंट परत नेणारा, गाडीच्या पत्र्यावरचा जोड) उत्तम घ्या, मग जे उरेल त्यात सबवूफर बसवा. छोटा सबवूफर नीट वायरिंगवर बसवला तर मोठ्यापेक्षा चांगला वाजतो, हे मी गाड्या बसवून देताना सतत पाहत आलो आहे.

आधी करंटचा हिशेब करू, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. बॉक्सवर लिहिलेले १२०० वॉट हा 'पीक' किंवा 'मॅक्स' आकडा असतो, क्षणभराचा आणि बहुतेक वेळा जाहिरातीचा. तुम्ही विचारायचा आकडा आरएमएस वॉटचा, म्हणजे ॲम्प्लिफायर सतत देऊ शकेल तेवढी ताकद. ती किती ओहमवर, म्हणजे स्पीकरच्या किती विद्युतरोधावर, दिली आहे तेही विचारा. समजा तुमचा ॲम्प्लिफायर खरोखर ३०० वॉट आरएमएसचा आहे. इंजिन चालू असताना गाडीत साधारण १३.८ व्होल्ट असतात. क्लास डी ॲम्प्लिफायरची कार्यक्षमता ८० टक्के धरली तर ३०० भागिले १३.८, भागिले ०.८, म्हणजे सुमारे २७ अँपिअर. जुन्या पद्धतीचा क्लास एबी असेल आणि कार्यक्षमता ५५ टक्के धरली, तर तेवढ्याच आवाजाला जवळजवळ ४० अँपिअर लागतील; उरलेली वीज उष्णता होऊन डिकीत साठते. आता डॅशबोर्डखालचा फ्यूज बॉक्स पाहा. चार्जिंग सॉकेट, वायपर, दिवे यांच्यासाठीचे तिथले फ्यूज १० ते २० अँपिअरचे, आणि त्यांच्या मागच्या वायरी तेवढ्याच बारीक. त्यातून २७ अँपिअर ओढायचे म्हटले की फ्यूज उडतो. मग कुणीतरी २० च्या जागी ३० चा फ्यूज खोचतो. त्या क्षणापासून फ्यूज शाबूत राहतो आणि कंपनीची वायर तापायला लागते. आग लागायची ती अशी लागते.

म्हणून ॲम्प्लिफायरची पॉवर वायर थेट बॅटरीच्या प्लसवरून निघते आणि तिच्यावर स्वतःचा फ्यूज असतो. हा फ्यूज ॲम्प्लिफायर वाचवण्यासाठी असतो असा सर्रास समज आहे. ॲम्प्लिफायरच्या अंगात त्याचे फ्यूज असतातच. बॅटरीजवळचा फ्यूज वायर वाचवतो. वायर कुठेही कापली, दाबली गेली, पत्र्याला टेकली, तर बॅटरी त्यातून शेकडो अँपिअर ढकलू शकते. मधला फ्यूज उडाला तरच ते थांबतं. बॅटरी आणि फ्यूज यांच्यामधल्या तुकड्याला मात्र काहीच संरक्षण नसतं, म्हणून तो जितका आखूड तितका चांगला. १८ इंच ही सगळीकडे सांगितली जाणारी कमाल मर्यादा. छोट्या गाडीत ७-८ इंचांत फ्यूज होल्डर सहज बसतो. तो डिकीत ॲम्प्लिफायरजवळ लावून 'फ्यूज आहे ना' असं कुणी म्हणालं, तर बसवणाऱ्याला मुद्दाच कळलेला नाही असं समजा.

वायर किती जाडीची घ्यायची? बॅटरीपासून डिकीपर्यंत वळणं धरून साधारण ५ मीटर लागते. १० स्क्वेअर एमएमच्या शुद्ध तांब्याच्या ५ मीटर वायरीत २७ अँपिअर वाहिले तर जेमतेम पाव व्होल्ट कमी होतो. घरगुती वायरिंगची अडीच स्क्वेअर एमएमची वायर टाकली तर ०.९ व्होल्ट वाटेतच जातात आणि गालिच्याखाली सुमारे २५ वॉटची उष्णता तयार होते. कापडाखाली दाबलेल्या, हवा न लागणाऱ्या वायरीसाठी ती थोडी नव्हे. तेव्हा तुमच्या कामाला १० स्क्वेअर एमएम, अमेरिकन मापात ८ गेज किंवा त्याहून जाड, आणि त्यावर ४० अँपिअरचा फ्यूज पुरे. पुढेमागे ॲम्प्लिफायर वाढवायचा विचार असेल तर आत्ताच १६ किंवा २५ स्क्वेअर एमएम टाका. ट्रिम पुन्हा उघडण्यापेक्षा जाड वायर स्वस्त पडते.

इथेच एक फसवणूक नेहमी होते. तयार 'वायरिंग किट'मध्ये मिळणारी वायर बहुतेक वेळा तांब्याची नसते. तांब्याचा पातळ मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम असतं. ॲल्युमिनियमची वहनक्षमता तांब्याच्या सुमारे ६१ टक्के. म्हणजे किटवर '८ गेज' लिहिलेलं असलं तरी काम त्याहून बारीक वायरीचं होतं. त्यात या किटमध्ये प्लास्टिकचं आवरण इतकं जाड असतं की वायर जाड दिसते आणि आतली धातू निम्मीच निघते. ओळखायचं कसं? टोक सोला, एक तार घ्या, ब्लेडने खरवडा. आतून चांदीसारखी पांढरी निघाली की ॲल्युमिनियम. तांब्याची वायर हातात घेतली की जड लागते, हेही लक्षात येतं. ॲल्युमिनियमचा आणखी एक दोष म्हणजे ते स्क्रूखाली दाबलं की हळूहळू चपटं होत जातं, जोड सैल होतो आणि सैल जोड तापतो. वायर विद्युत सामानाच्या दुकानातून, तांब्याची, बारीक तारांची आणि मऊ अशी मीटरवर घ्या; थिंबल, म्हणजे वायरीच्या टोकाला बसणाऱ्या धातूच्या कड्या, वेगळे घ्या आणि ते पक्कडीने चेचून नव्हे, क्रिंपिंग टूलने बसवा. थिंबलवर हीट श्रिंक स्लीव्ह, म्हणजे गरम केल्यावर आकसून घट्ट बसणारी नळी, चढवा. काळी टेप बडोद्याच्या उन्हाळ्यात चिकट होऊन सुटते, जोडावर तिचा भरवसा नको.

आता तुमच्या गाडीचा खरा प्रश्न, सीएनजी. पेट्रोल गाडीत जे चालतं ते इथे जसंच्या तसं चालत नाही. सिलिंडरमध्ये वायू सुमारे २०० बारच्या दाबाने भरलेला असतो आणि त्याची नळी डिकीपासून इंजिनपर्यंत गाडीच्या पोटाखालून जाते. म्हणून डिकीच्या किंवा केबिनच्या तळाच्या पत्र्याला ड्रिल लावायचं नाही, स्क्रू मारायचा नाही. खाली सीएनजीची नळी, पेट्रोलची नळी किंवा ब्रेकची नळी नेमकी कुठे आहे हे गाडी वर उचलून पाहिल्याशिवाय कुणालाही सांगता येत नाही, मला तर नाहीच. ॲम्प्लिफायर सिलिंडरच्या चौकटीवर बसवायचा नाही. अर्थिंग सिलिंडरच्या ब्रॅकेटच्या बोल्टवरून घ्यायचं नाही. सिलिंडरच्या वॉल्व्हजवळून पॉवर वायर न्यायची नाही, आणि वॉल्व्हवरच्या आवरणातून वायू बाहेर सोडणारी जी नळी असते ती बॉक्सने दाबली जाणार नाही हे पाहायचं. सीएनजी हवेपेक्षा हलका असतो, मोकळ्या जागेत वर निघून जातो. पण डिकी मोकळी जागा नव्हे. तिथे सैल जोडाची एक ठिणगीही परवडणारी नाही. ॲम्प्लिफायरचे उघडे टर्मिनल झाकणाखालीच असले पाहिजेत. गाडीत कधी वायूचा वास आला तर संगीत बंद करून भागत नाही: गाडी बंद, सिलिंडरचा वॉल्व्ह बंद, दारं उघडी, मग मेकॅनिक.

सिलिंडरची दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाची चाचणी, करावी लागते आणि त्यासाठी तो गाडीतून काढावा लागतो. सबवूफरचा बॉक्स त्याच्या पुढे पक्का ठोकून बसवला, वायरी चौकटीभोवती गुंडाळल्या, तर टेस्टच्या दिवशी तिथला माणूस त्या वायरी कापून मोकळा होतो. म्हणून बॉक्सची वायर कपलरवर ठेवा: कपलर काढला, दोन पट्टे सोडले की बॉक्स बाहेर. अलीकडे काही गाड्यांत, उदाहरणार्थ टाटाच्या २०२३ च्या अल्ट्रोझ सीएनजीत, एका मोठ्या सिलिंडरऐवजी दोन लहान सिलिंडर डिकीच्या तळाखाली असतात. तिथे वर मोकळी जागा दिसते म्हणून फळीत लांब स्क्रू मारण्याचा मोह होतो. खाली काय आहे ते आठवा.

वायर नेण्याची वाट. काम सुरू करताना बॅटरीचा मायनस आधी सोडवा आणि एअरबॅगची साठवलेली वीज उतरण्यासाठी काही मिनिटं थांबा. पिवळ्या रंगाचा कपलर किंवा पिवळं आवरण दिसलं की तो एअरबॅगचा आहे. त्याला हात लावायचा नाही, त्याला आपली वायर बांधायची नाही. सीटखाली आणि पुढच्या काचेच्या बाजूच्या खांबातही ते असतात. इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यात, ज्याला सगळे फायरवॉल म्हणतात, कंपनीच्या वायरी जाण्यासाठी रबराचा ग्रोमेट असतो. आपली वायर त्यातूनच न्या. ग्रोमेटला छोटं भोक पाडून वायर ओढली की रबर तिच्याभोवती घट्ट बसतं. पत्र्याला नवं भोक पाडावंच लागलं तर आधी दोन्ही बाजूंना काय आहे ते पाहा, कडा कानसने मारा, रंग लावा आणि नवा ग्रोमेट बसवा. उघड्या पत्र्याच्या भोकातून वायर कधीच नाही. ग्रोमेटच्या बाहेर वायर थोडी खाली झुकवून मग आत घ्या, म्हणजे पावसाचं पाणी वायरीवरून ओघळत आत येण्याऐवजी खालच्या वळणावरून ठिबकून जाईल.

बॉनेटखाली वायर पन्हाळीसारख्या काळ्या स्लीव्हमध्ये असावी, एक्झॉस्टपासून आणि बेल्टपासून लांब, दर सहा-आठ इंचांवर केबल टायने बांधलेली. केबिनमध्ये आली की पेडल आणि स्टिअरिंगचा दांडा यांच्या आसपास लोंबकळणार नाही, हे हाताने ओढून तपासा. पेडलमध्ये वायर अडकण्याची शक्यता जरी वाटली तरी वाट बदला. पुढे दाराच्या खालच्या पायपट्टीखालून वायर मागे जाते. ती पट्टी क्लिपांवर बसलेली असते, प्लास्टिकच्या चपट्या हत्याराने उचलली तर तुटत नाही. पेचकसने उचकटली की क्लिप मोडते आणि पुढे आयुष्यभर ती पट्टी कुरकुरते. मागच्या सीटच्या बाजूने, चाकाच्या कमानीवरून डिकीत. सीट सरकण्याची रेल, सीटचा बिजागर, बेल्टची गुंडाळी, या तीन ठिकाणी वायर चेपली जाते. सीट पूर्ण पुढे-मागे करून, पाठ खाली पाडून एकदा बघा.

अर्थिंगवर मी सर्वांत जास्त वेळ घालवतो. प्लसइतकीच जाड वायर, लांबी दीड फुटाच्या आत, आणि टोक गाडीच्या मूळ पत्र्यावर. रंगावर नाही, प्रायमरवर नाही: पॉलिश पेपरने रुपयाच्या नाण्याएवढी जागा चकचकीत होईपर्यंत घासायची, थिंबल बोल्टने आवळायचं, आणि आवळून झाल्यावर वरून रंग किंवा पेट्रोलियम जेली लावायची, म्हणजे पावसाळ्यात गंज चढत नाही. डिकीत कंपनीचे तयार अर्थ पॉइंट असतात, ते वापरता येतात. सीटबेल्टचा बोल्ट मात्र अर्थिंगसाठी सोडवू नये. तो जीव वाचवण्यासाठी ठरावीक ताणाने आवळलेला असतो. काही जण मायनससाठीही थेट बॅटरीपासून वायर आणतात. ज्या गाड्यांत बॅटरीच्या मायनसवर करंट मोजणारा सेन्सर असतो, इंजिन सिग्नलवर आपोआप बंद होणाऱ्या गाड्यांत तो असतोच, तिथे हे केलं की सेन्सरला ॲम्प्लिफायरचा करंट दिसतच नाही आणि चार्जिंगचा हिशेब बिघडतो. बॉडीवरूनच घ्या.

आता मित्राच्या गाडीतली शिट्टी. इंजिनच्या वेगाबरोबर चढणारी-उतरणारी शिट्टी म्हणजे अल्टरनेटरचा, इंजिनवर फिरून वीज तयार करणाऱ्या यंत्राचा, आवाज. सगळे सांगतात की पॉवर वायर आणि आरसीए वायर (स्टिरिओकडून ॲम्प्लिफायरला सिग्नल नेणारी) शेजारून गेल्या म्हणून ती येते. दोन्ही वेगवेगळ्या बाजूंनी न्याव्यात आणि कुठे ओलांडाव्या लागल्या तर काटकोनात ओलांडाव्यात, हे बरोबरच आहे, मीही तसंच करतो. पण माझ्याकडे शिट्टी घेऊन येणाऱ्या गाड्यांत बहुतेक वेळा दोष अर्थिंगचा निघतो: टचस्क्रीनचं अर्थ एका ठिकाणी, ॲम्प्लिफायरचं दुसऱ्या, आणि मधल्या जोडात रंग किंवा गंज. दोन ठिकाणांच्या व्होल्टेजमधला बारीक फरक सिग्नलच्या वायरीतून वाहायला लागतो आणि ॲम्प्लिफायर तो मोठा करून ऐकवतो. मित्राला सांगा, गाडी चालू ठेवून ॲम्प्लिफायरचं गेनचं बटण (सिग्नल किती वाढवायचा ते ठरवणारं) शून्यावर आणा. शिट्टी तरीही आली तर दोष ॲम्प्लिफायरच्या पॉवरमध्ये किंवा अर्थमध्ये. गेली, तर गाडी आणि ॲम्प्लिफायर बंद करून आरसीए काढा, मग गेन पूर्वीइतका करून पुन्हा चालू करा. आरसीए काढल्यावर शांत होत असेल तर दोष टचस्क्रीनकडून येणाऱ्या वाटेत आहे. बंद न करता आरसीए ओढू नका. काही स्टिरिओंत आरसीएच्या अर्थवर नाजूक फ्यूज असतो, तो अशाने उडतो आणि शिट्टी कायमची मुक्कामाला येते. बाजारात मिळणारा 'नॉइज फिल्टर' हा मी शेवटचा उपाय मानतो. अर्थिंगचा बोल्ट साफ करायला दहा मिनिटं लागतात, ते आधी करा.

तुमच्या कंपनीच्या टचस्क्रीनला मागे आरसीए आउटपुट नसेल, बहुतेक गाड्यांत नसतोच. त्यासाठी टचस्क्रीन बदलण्याची गरज नाही. हाय लेव्हल इनपुट असलेला ॲम्प्लिफायर घ्या. मागच्या स्पीकरच्या वायरींतून तो सिग्नल उचलतो. एक गोष्ट बसवणाऱ्याने ओळखली पाहिजे: कंपनीच्या स्टिरिओत स्पीकरच्या दोन्ही वायरींवर साधारण सहा व्होल्ट असतात, त्यांतली एकही मायनस नसते. 'काळी म्हणजे अर्थ' समजून ती बॉडीला जोडली तर स्टिरिओचा आउटपुट जळू शकतो. याच सहा व्होल्टवरून अनेक ॲम्प्लिफायर आपोआप चालू-बंद होतात, त्यामुळे वेगळी रिमोट वायरही (ॲम्प्लिफायरला चालू-बंदचा इशारा देणारी) लागत नाही. तशी सोय नसेल तर रिमोट वायर चावी फिरवल्यावरच चालू होणाऱ्या सर्किटवरून, तिच्या छोट्या वेगळ्या फ्यूजसह घ्या. ती चोवीस तास चालू असलेल्या प्लसवर जोडली तर चार दिवसांनी गाडी धक्का मारून चालू करावी लागेल.

वॉरंटीचं उत्तर याच ठिकाणी आहे. कंपनीच्या हार्नेसमधली, म्हणजे वायरींच्या जुडग्यातली, वायर कापलेली, सोलून पिळलेली दिसली की इलेक्ट्रिकलचा कुठलाही क्लेम अडकतो, दोष तुमच्या जोडाचा असो वा नसो. तुमच्या मॉडेलसाठी मधे लावायचा कपलर हार्नेस मिळतो: कंपनीचा कपलर त्याच्यात, त्याचा कपलर टचस्क्रीनमध्ये, आणि सिग्नलच्या वायरी बाजूला निघालेल्या. काहीही कापावं लागत नाही, आणि काढलं की गाडी जशीच्या तशी. दुकानदार म्हणेल, 'एवढ्यासाठी कशाला खर्च.' करा. वॉरंटीच्या पुस्तिकेतली बाहेरच्या इलेक्ट्रिकल सामानाबद्दलची कलमंही बसवण्याआधी वाचून घ्या.

आता सबवूफर. तुमच्या गाडीत बारा इंची पोर्टेड, म्हणजे हवेसाठी भोक ठेवलेला, बॉक्स मी बसवणार नाही. जागा हे एक कारण, दुसरं जास्त महत्त्वाचं. ४० हर्ट्झच्या सुराची तरंगलांबी सुमारे साडेआठ मीटर असते, गाडीच्या केबिनपेक्षा कितीतरी लांब. इतके खालचे सूर बंद केबिनमध्ये आपोआप जोर धरतात. साधारण ६०-७० हर्ट्झच्या खाली हा जोर दर सप्तकाला जवळपास १२ डेसिबलपर्यंत जाऊ शकतो. बंद, म्हणजे सील्ड बॉक्सचा आवाज खाली जाताना नेमका त्याच दराने उतरतो. दोन्हींची बेरीज होऊन छोट्या गाडीत सील्ड बॉक्स सरळ, खोल आणि नीटस वाजतो. पोर्टेड बॉक्स त्याच्या ठरवलेल्या सुरावर जोरात धडकतो आणि त्याच्याखाली दुप्पट वेगाने कोसळतो. त्या खालच्या सुरांत कोनला (स्पीकरच्या पडद्याला) आवर घालणारी हवा राहत नाही आणि सबसॉनिक फिल्टर (अतिखालचे सूर अडवणारा) लावला नसेल तर तो फाटतोही. गरब्याच्या मैदानावरचा धक्का वेगळा, तिथे डोक्यावर आकाश असतं आणि भिंतीएवढे सबवूफर रचलेले असतात. गाडीत तसं करायची गरज नाही.

सिलिंडरपुढे जागा असेल तर दहा इंची सबवूफर आणि साधारण २० ते २५ लिटरचा सील्ड बॉक्स, १८ एमएमच्या एमडीएफचा, सांध्यांना गोंद आणि सिलिकॉन. नेमके लिटर सबवूफरच्या कागदावरून घ्या, सुताराच्या अंदाजावरून नाही. दोन व्हॉइस कॉइलचा (कोन हलवणाऱ्या तारेच्या गुंडाळ्यांचा) असेल तर ओहम मोजून घ्या: दोन ४ ओहमच्या कॉइल समांतर जोडल्या तर २, एकामागे एक जोडल्या तर ८. ॲम्प्लिफायर २ ओहमला चालतो का, हे त्याच्या कागदावर लिहिलेलं असतं. जागा नसेल तर सीटखाली बसणारा, ॲम्प्लिफायर आतच असलेला आठ इंची सबवूफर. सर्वांत खालचा सूर त्याला थोडा कमी पडतो, पण चौघांच्या गाडीत, सामान ठेवायची डिकी शाबूत ठेवून, मला तो तुमच्यासाठी जास्त योग्य वाटतो.

फक्त आपल्या शहरात सीटखालचं पाणी विसरून चालत नाही. २०१९ च्या जुलैअखेर आणि पुन्हा २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी वस्त्यांत शिरलं तेव्हा उभ्या गाड्यांच्या सीटपर्यंत पाणी होतं. सीटखालची वस्तू सर्वांत आधी बुडते. तुमचं पार्किंग सखल असेल, तर सीटखालचा पर्याय सोडा आणि ॲम्प्लिफायर मागच्या सीटच्या पाठीवर, फळी लावून, उंच बसवा. पाणी चढायला लागलं आणि गाडी हलवता येत नसेल तर बॅटरीजवळचा फ्यूज उपसून काढा. बुडालेला ॲम्प्लिफायर 'वाजतोय का बघू' म्हणून चालू करू नका.

उन्हाळ्याचाही विचार हवा. दारांच्या आणि डिकीच्या पत्र्याला कंप थांबवण्यासाठी शीट लावतात. ती ब्युटाइल रबराची घ्या. डांबरी शीट स्वस्त असते, पण मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत ती मऊ होऊन घसरते आणि वास मारते. ॲम्प्लिफायरच्या बाजूंनी दोन बोटं हवा खेळती ठेवा, त्यावर गालिचा पांघरू नका.

आवाज जुळवताना गेनचं बटण म्हणजे व्हॉल्यूम नव्हे. स्टिरिओच्या सिग्नलची पातळी ॲम्प्लिफायरला सांगायचं ते साधन आहे. टचस्क्रीनचे बास, लाउडनेस, सगळे इफेक्ट मध्यावर ठेवा, ॲम्प्लिफायरचा बास बूस्ट शून्यावर. सबवूफर सोडवून ठेवा, ५० हर्ट्झचा टेस्ट टोन लावा, व्हॉल्यूम पाऊण करा, आणि आउटपुटवर मल्टिमीटर एसी व्होल्टवर लावून गेन हळूहळू वाढवा. किती व्होल्टपर्यंत? वॉट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ. २०० वॉट आणि ४ ओहम असतील तर सुमारे २८ व्होल्ट. तिथे थांबा. याच्या पुढे गेन नेला तर आवाज थोडाच वाढतो, पण लहरीची डोकी छाटली जातात आणि कॉइल तापून जळते. सबवूफर जळतात ते बहुतेक असेच, आणि बिल येतं ते 'कंपनी खराब' या नावाने.

लो पास फिल्टर, म्हणजे ठरवलेल्या सुराच्या वरचं अडवणारा, ८० हर्ट्झच्या आसपास ठेवा. गायकाचा आवाज डिकीतून येतोय असं वाटलं तर फिल्टर वर आहे, खाली आणा. फेजचा स्विच ० आणि १८० वर करून पाहा, ड्रायव्हरच्या सीटवर बसून. ज्या बाजूला बास भरलेला आणि पुढून येतोय असं वाटेल ती बाजू बरोबर.

ऐकायला काय लावायचं? लोक ढोल किंवा डीजे लावतात, त्यात सगळेच सबवूफर छान वाटतात. तुम्ही तबल्याचं एकल वादन लावा. मौलाबक्षांनी १८८६ मध्ये इथे गायनशाळा सुरू केली तेव्हापासून बडोद्यात तबला कानावर असलेली घरं पुष्कळ आहेत, तुमच्या घरातही कुणीतरी असेलच. त्यांना शेजारी बसवा. डग्ग्यावर तळहात दाबत काढलेली मींड ऐका. सूर खालून वर सरकताना मधेच एका ठिकाणी फुगून धप्प होत असेल तर बॉक्स किंवा फिल्टर चुकला आहे. सलग, एकसारखी सरकत असेल आणि हात टेकवून दाबताच आवाज थांबत असेल तर जुळलं.

नवरात्रीपर्यंत सगळं एकदम नको असेल तर आत्ता एका दिवसात वायर, फ्यूज, अर्थिंग आणि कपलर हार्नेस करून घ्या, टोकं झाकून डिकीत बांधून ठेवा आणि तोवर बॅटरीजवळचा फ्यूज काढून ग्लव्ह बॉक्समध्ये ठेवा. गाडी ताब्यात घेताना बॉनेट उघडायला सांगा, फ्यूज कुठे आहे ते स्वतः पाहा, वायर ग्रोमेटमधून गेली आहे का ते पाहा. सबवूफर जोडल्यावर अर्धा तास मोठ्याने वाजवून फ्यूज होल्डरला आणि अर्थिंगच्या थिंबलला हात लावा. कोमट चालेल, हात ठेववत नसेल तर तो जोड उघडून पुन्हा करायला लावा. आणि महिनाभराने, खड्ड्यांतून गाडी चालून झाल्यावर, हेच दोन बोल्ट पान्याने एकदा आवळून घ्या.